तानाबाईचा भाकरतुकडा

त्यो कंदील जरा बारीक कर रं मानसिंग, डोळ्यावर येतोय. लाईट काय आता सकाळपतुर येत न्हाय. आन् इंद्रजीत, मोबाईल खिशात घाल. मी हितं गोष्ट सांगायला बसलोय आन् ह्येच्या तोंडावर निळा उजेड. घाल खिशात. हां.

तुमी पोरं भरतीसाठी पहाटं पळता, चांगलं हाय. देवळात झोपता, कोंबड्याच्या आदी उठता, मला बी उठवता, त्ये सोडा. पण मी रोज बगतोय. फाट्यावरच्या खांबापतुर जाता, खांबाला हात लावता आन् माघारी फिरता. म्होरं वस्तीकडं कुणी पाय टाकत न्हाय. का, तर कुत्री हायेत म्हणं. लष्करात जायचं आन् कुत्र्याला भ्यायचं. बरं हाय तुमचं.

तर त्या फाट्याचीच सांगतो. ही ऐकीव न्हाय. मैंदर्गीचा गुरुसिद्धप्पा फौजी तुमाला ठावा हाय, पांढरी जीप चालवतो त्यो. त्येच्यावर बेतल्याली हाय, आन् त्येनंच मला सांगितली, तानाबाईची चिता जळत व्हती तवा. मधी कुणी बोलायचं न्हाय. जल्मभर येष्टीत कंडक्टर व्हतो मी, बडबड्या पाशिंजराला कुटं उतरवायचं मला बरोबर कळतं.

खांबावर नाव हाय त्यो जोतिराम. तुमी तवा चड्डीत व्हता. तानाबाईचा एकुलता एक. बाप लवकर गेला, बाईनं दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवून पोरगं वाढवलं. फाट्यावरनं डावीकडं आपलं गाव आन् उजवीकडं माळावर जाणारी गाडीवाट, त्या वाटंला शेवटाला त्येंची वस्ती. पोरगं सुट्टीला आलं की अक्कलकोटवरनं माझ्याच मुक्कामी गाडीला बसायचं. फाटा आला की मी घंटी मारायचो. त्यो बॅग पाठीला लावून उतरायचा आन् दर बारीला तेच म्हणायचा, "येतो आप्पा. आई भाकरी घिऊन उबी आसंल."

आन् ती उबी आसायचीच. लांबनं माणूस आलं की त्येला उंबऱ्याभाईर थांबवायचं, भाकरीचा तुकडा त्येच्यावरनं ओवाळून टाकायचा, पायावर तांब्याभर पाणी वतायचं, आन् मंगच घरात घ्यायचं. वाटंनं काय वंगाळ मागं लागलं आसंल तर भाईर ऱ्हातं. तुमच्या घरात आता नव्या नवरीला तेवढं करत्यात. तानाबाई पोराला दर सुट्टीला करायची. बूट सुदीक काढू द्यायची न्हाय, बुटावरच पाणी. त्यो हसायचा, "आई, बूट सरकारचं हायेत की." पण तुकडा टाकल्याबिगर त्यो बी उंबरा वलांडायचा न्हाय. एकदा मी संगं गेल्तो वस्तीवर, बाई मेंढराकडं गेल्ती. पोरगं तासभर दारातच उबं. मी म्हणलं चल की आत, आत तुजी बायको पूनम हाय, च्या करंल. न्हाय म्हणला. आई आली की जाऊ.

शेवटच्या सुट्टीवरनं जाताना म्हणून गेला, येळवशीला येतो. येळ अमावस्या म्हंजी आपल्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. सगळं गाव रानात, भज्जी काय, आंबील काय, बाजरीचं उंडं काय. आईनं मडकं सुदीक नवं आणून ठेवल्यालं. आन् येळवशीच्या चार रोज आदी काश्मीरकडं गस्तीवर बर्फाचा कडा आला अंगावर. त्यो आन् त्येच्या संगट आणखी दोन पोरं.

गुरुसिद्धप्पा त्येच्याच पलटणीत हवालदार. पेटी घिऊन त्योच आला. निघायच्या आदी तानाबाईनं फोनवर त्येला येवढंच इचारलं, "दारात आणशील न्हवं?" त्यो म्हणला, "हौदु अव्वा, दारात आणतो." मैंदर्गीचा गडी, तोंडात कानडीच आदी येतं. अव्वा म्हंजी आई. हौदु म्हंजी व्हय.

आता त्या दिवशी गावानं काय केलं न्हाय सांगा. दुकानं बंद. एका बी घरात चूल पेटली न्हाय. अक्कलकोटपासनं मोटरसायकली, झेंडे, बायांनी रस्त्याला रांगोळ्या काढल्याल्या, शाळंची पोरं फुलं घिऊन उन्हात उबी. म्हातारी माणसं ढसाढसा रडत व्हती, ज्येंनी जोतिरामला कवा बगितलं बी न्हवतं ती सुदीक. माझी गाडी त्या गर्दीत अडकल्याली, मी दारात उबा राहून सगळं बगितलं. मनापासनं केलं गावानं. त्यात काय खोटं न्हवतं.

ट्रक फाट्यावर आला. गुरुसिद्धप्पा डायवरला म्हणला, उजवीकडं घ्या. तर लोकं आडवी झाली. गाडीवाट दगडाची, फुलांचा ट्रक उलटंल म्हणली. शाळंच्या मैदानात मंडप घातलाय, मोठी माणसं बसल्यात म्हणली. दिस मावळायच्या आत सलामी व्हायला पायजे म्हणली. गुरुसिद्धप्पा हात जोडून सांगाय लागला, दोन मिनिटं, आई दारात भाकरतुकडा घिऊन उबी हाय. तवा एक जाणता माणूस म्हणला, "मेलेल्याला कोण ओवाळतं व्हय फौजी? अशुभ आसतंय." डायवरनं गेर टाकला. ट्रक डावीकडं वळला.

तानाबाईला आणायला जीप धाडली. पूनम तान्ह्या लेकीला, सृष्टीला, घिऊन आली. म्हातारी आली न्हाय. म्हणली, "त्यो घरला येतोय. मी तिकडं कशाला जाऊ?" मैदानावरनं धूर वर गेल्याला तिला दारातनं दिसला. तवा बी भाकरी हातातच व्हती.

मंग फाट्यावर खांब झाला. सव्वीस जानेवारी आली की हार, पंधरा आगस्ट आला की हार. तानाबाईला शाल द्यायला लोकं वस्तीवर जायची, ती शाल घ्यायची, च्या पाजायची, येका शब्दानं कुणाला बोलायची न्हाय. पण येळवशीच्या राती भाकरी थापायची आन् तांब्या घिऊन दारात उबी ऱ्हायची. पूनम रडायची, आत चला आत्याबाई म्हणायची. म्हातारी म्हणायची, "त्यो फाट्यावर हाय गं. तितपतुरच आणलाय त्येला. म्होरं कुणी आणलाच न्हाय."

पाच वर्सं ह्येच.

गुरुसिद्धप्पा मधी रिटायर झाला. जीप घेतली. म्हयन्याला वस्तीवर जायचा, म्हातारीच्या गोळ्या आणायचा, सृष्टीला खाऊ आणायचा. म्हातारीनं त्येचं कवा उणंदुणं काढलं न्हाय. त्येचंच त्येला लागलं व्हतं. मला म्हणायचा, आप्पा, तिनं माझ्या मुस्काडीत मारली असती तर मला झोप आली असती.

आता नीट ऐका. गेल्या डिसेंबरातली येळवस, शुक्रवारची. त्येच्या आदी आठ रोज तानाबाईला सोलापूरला दवाखान्यात घातल्यालं. छातीत पाणी झाल्तं. पूनम रोज जाऊन येऊन करायची, त्या दिवशी सृष्टीला ताप आला म्हणून घरी थांबली, आन् गुरुसिद्धप्पा डबा घिऊन गेला. येवढंच काम. डबा द्यायचा, राती तितं थांबायचं, सकाळी यायचं.

गेला तर म्हातारी खाटंवर उठून बसल्याली. म्हणली, "मला आज घरला ने." डाक्टरला इचारलं. डाक्टर बाजूला घिऊन म्हणला, न्यायचं तर न्या, हितं आता आमच्या हातात काय ऱ्हायलं न्हाय, पण वाटंत काय झालं तर... गुरुसिद्धप्पा परत खाटंपाशी आला, म्हणला अव्वा, सकाळी जाऊ. तिनं त्येचं मनगट धरलं. अंगात त्राण न्हाय पण मनगट सोडंना.

"आज येळवस हाय. त्यो फाट्यावर आसंल. मला दारापतुर जिती ने लेकरा. मी मेले तर त्येला कोण ओवाळंल? मंग त्यो कायमचाच भाईर ऱ्हाईल."

काय करणार सांगा. उचलली, जीपच्या मधल्या शिटावर आडवी केली, अंगावर घोंगडं टाकलं. पूनमला फोन केला, भाकरी करून ठेव, अव्वाला घिऊन येतोय. सोलापूर सोडलं तवा आठ वाजून गेल्ते.

थंडी मरणाची. दोन्ही बाजूनं रानात लोकं टेंभं पेटवून पिकाभोवती फिरत व्हती, येळवशीचं करत्यात तसं. म्हातारी पडल्या पडल्या इचारायची, "कुटं आलो?" त्यो सांगायचा, कुंभारी आलं अव्वा. जरा गेलं की परत, "कुटं आलो?" आवाज दर बारीला बारीक. त्यो ॲक्सिलेटर दाबून व्हता. वळसंग गेलं. म्हणला आता तासाभरात दारात.

आन् वळसंगच्या म्होरं रस्ता बंद. उसाची ट्राली उलटल्याली. रस्ताभर ऊस. हिकडं गाड्या, तिकडं गाड्या. गुरुसिद्धप्पा उतरला. डायवरच्या हातापाया पडला. ट्राली सरळ करायला दुसरा ट्रॅक्टर यायचा व्हता, त्येचा फोन लागंना. मंग ह्यो सोता ऊस उचलाय लागला. उसाचं पाचट हाताला कापतंय, रगात निघालं, तरी उचलतोय आन् वरडतोय, आतमधी माझी आई हाय, वाट करा. त्येचं बगून आणखी माणसं उतरली. जीपपुरती वाट झाली. किती येळ गेला त्येला ठावं न्हाय.

परत येऊन बसला. म्हणला, अव्वा, निघालो.

मागनं काय आवाज न्हाय.

म्हणला झोप लागली आसंल. जीप काढली. जरा गेल्यावर परत हाक मारली. न्हाय. आन् हितं बगा पोरांनो, त्येनं मागं वळून बगितलं न्हाय. मला म्हणला, आप्पा, धीर झाला न्हाय. बगितलं आन् गेल्याली आसली तर? न्हाय बगितलं तवर ती हाय. म्हणून त्यो सोताच सांगत ऱ्हायला. अव्वा, अक्कलकोट आलं. अव्वा, नाका गेला. अव्वा, आता थोडंच ऱ्हायलं. रडत व्हता आन् सांगत व्हता. बर्फात माणसं उकरून काढल्याला गडी, पण त्या राती लई खचल्ता.

अक्कलकोट सुटलं आन् धुकं लागलं. आपल्याकडं तसलं धुकं कवा बगितलंय का तुमी? मी न्हाय. दिव्याचा उजेड बोनटाच्या म्होरं जाईना. गाडी दुसऱ्या गेरमधी. रस्त्यावर कुत्रं न्हाय, माणूस न्हाय. रानातलं टेंभं बी दिसंनात.

फाटा जवळ आला.

खांब दिसला. त्येच्यावर पंधरा आगस्टचा वाळल्याला हार.

आन् खांबाच्या शेजारी... माणूस.

पाठीला बॅग. येष्टीची वाट बगत उबं ऱ्हात्यात तसा. तोंड हिकडं न्हाय. तोंड उजवीकडं, गाडीवाटंकडं.

गुरुसिद्धप्पानं ब्रेक मारला.

त्यो माणूस हलला न्हाय.

इंजन चालू. वायपर चालू. मागं म्हातारी... गप.

त्येच्या डोक्यात आलं, गाडी काढावी. डावीकडं वळवावी, गावात जावं, चार माणसं उठवावी. हात स्टेरिंगवर व्हता. डावीकडं वळायलाच लागल्ता त्यो हात. आन् मंग त्येला कळलं की मागच्या टायमाला बी असंच झाल्तं. हितंच. डावीकडं.

त्येनं दिवं चालू ठेवलं. खाली उतरला. जीपच्या मागं गेला. मागचं दार उघडलं. तिकडं बगायचं धाडस न्हवतं, म्हणून खाली मान घालून म्हणला,

"चल जोतिराम. घरला सोडतो."

...

काय न्हाय.

...

मंग रॉकेलचा वास आला. तिकडं बर्फात खंदकात रॉकेलची शेगडी जळती रातध्याड, तिचा वास पोरांच्या कपड्यात बसतो, धुतला तरी जात न्हाय. त्यो वास. एकदम नाकाशी.

जीप मागनं जरा खाली बसली.

त्येनं दार लावलं. म्होरं येऊन बसला. आरसा हातानं फिरवला, वर, टपाकडं. उजवीकडं वळला. गाडीवाटंला लागला. दगडावरनं गाडी उडती. धुकं. वास.

बिरुदेवाची घुमटी गेली.

आन् मागनं... बारीक... म्हातारीचा आवाज.

"जेवलास का रं?"

येवढंच.

उत्तर आलं का म्हणून मी त्येला इचारलं. त्यो उठून चितंवर एक लाकूड ठेवून आला.

वस्ती आली. दारात बलब. पूनम भाईर आली, एका हातात तांब्या, एका हातात भाकरी. गुरुसिद्धप्पा उडी मारून उतरला, मधलं दार उघडलं, म्हणला, अव्वा, आलो बग दारात. हात धरला...

हात गार. लाकडागत ताठ झाल्याला. जबडा बसल्याला. पलटणीत माणसं बगितल्याली त्येनं, त्येला कळतं. ही आत्ता गेल्याली न्हवती. तीन-चार तास झाल्तं. ट्राली आडवी व्हती तवाच कवातरी... त्यो ऊस उचलत व्हता तवा.

त्यो तितंच मातीत बसला. डोकं पायरीवर आपटाय लागला. "परत चुकलो. अव्वा, मी परत चुकलो. दारात आणलं आन् ओवाळायला कोण न्हाय." पूनमला कळंना कुणाविषयी बोलतोय. मंग तिला बी वास आला. नवऱ्याच्या कपड्याचा वास बायकोला सांगावा लागत न्हाय. तिनं जीपच्या मागच्या दाराकडं बगितलं. दार उघडं व्हतं. गुरुसिद्धप्पानं ते लावल्यालं.

पूनम वरडली न्हाय. रडली न्हाय. मागं सरली न्हाय. मला वाटतं तिच्या जागी मी आसतो तर पळालो आसतो. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. जीपपाशी आली. म्हातारीची बोटं एक एक करून उघडली, त्येच्यात तुकडा ठेवला आन् बोटं परत मिटली. म्हणली, "फौजीभावजी, उठा. आत्याबाईला धरा."

त्येनं उचलून घेतली. उंबऱ्यासमोर आणली. समोर अंगण मोकळं, कुणी न्हाय, नुसतं धुकं. पूनमनं सासूचा ताठ झाल्याला हात मनगटाला धरला आन् ओवाळला. एकदा. दोनदा. तीनदा. तुकडा काढून बाजूला टाकला.

आन् तांब्या कलता केला.

पाणी मातीवर पडल्याचा आवाज कसा येतो ठावं हाय न्हवं? तसा न्हाय आला. चामड्यावर पडल्यासारखा आला...

मंग पूनम बाजूला झाली. वाट दिली.

रॉकेलचा वास त्येंच्या मधनं घरात गेला. आत सृष्टी झोपल्याली. वास तिच्या हातरुणापतुर गेला, आन् मंग ऱ्हायला न्हाय.

सकाळी गाव गोळा झालं तवा मी बी गेल्तो. तानाबाईचं तोंड बगितलं, लई शांत व्हतं. सृष्टीचा ताप उतरल्याला. जो जाणता माणूस त्या दिवशी अशुभ म्हणला व्हता, त्यो दाराशी येऊन बसला आन् तोंड झाकून रडला, कुणी त्येला काय सांगितलं न्हवतं तरी. यंदा सव्वीस जानेवारीला गाव आदी वस्तीवर गेलं आन् मंग खांबाकडं. आता आपल्या गावचं कुणाचं बी पोरगं सुट्टीला आलं की फाट्यावर चार माणसं थांबत्यात आन् त्येला त्येच्या दारापतुर नेऊन सोडत्यात. हार-बिर काय न्हाय. आदी घर. तुमी भरती झाला तर तुमाला बी नेऊ. मी आसलो तर मीच येतो.

म्हणून सांगतोय, उद्यापासनं खांबाला हात लावून माघारी फिरायचं न्हाय. वस्तीपतुर पळायचं. पूनम उठल्याली आसती, पाणी मागायचं, प्यायचं, वैनी बऱ्या हायेत का म्हणून इचारायचं. कुत्री काय करत न्हाईत. तिचं काय काम आसंल तर करून यायचं.

आन् ती सडा टाकत आसंल तर जरा थांबून बगा. मी कितीक बारीला बगितलंय. उंबऱ्यासमोर सगळं अंगण वलं व्हतं. शेणानं सारवा, पाणी वता, पाऊस पडू दे. दोन जागा तेवढ्या कोरड्याच ऱ्हात्यात. बुटायेवढ्या. शेजारी शेजारी.

टाचा रस्त्याकडं. टोकं घराकडं.